पैलवानाची अर्धी गादी

"डॉक्टरांनी जे सांगितलं ते आईंना सांग. आत्ता सांग. त्या बाहेरच बसल्यात."

"हळू बोल."

"का हळू बोलू? मला वांझोटी म्हणतात तेव्हा कोण हळू बोलतं?"

"पलीकडे मावशी आहे."

"असू दे. मावशीलाही कळू दे एकदाचं."

ती मावशी म्हणजे मी. त्यांच्या आणि माझ्या खोलीत फक्त प्लायवूडची भिंत होती, तीही वरून वीतभर उघडी. सुट्टीची दुपार होती आणि माझं शिवणाचं मशीन थांबलेलं होतं. दोरा तुटला होता हे खरं. पण दोरा ओवायला मला एरवी एवढा वेळ लागत नाही, हेही खरं.

"मी कुठल्या तोंडाने सांगू?" तो म्हणाला. "पैलवान म्हणतात मला सगळे. उद्या दुकानातली पोरं काय म्हणतील?"

"आणि मला म्हणतात ते चालतं?"

"तू बाई आहेस. बाईला लोक बोलतात आणि विसरतात."

मग पेला आदळल्याचा आवाज आला, दार उघडलं, आणि बाहेर आईने विचारलं, "काय रे, कसला आरडाओरडा?" तो म्हणाला, "काही नाही गं. तिचं डोकं दुखतंय."

तेवढ्यावर तो प्रश्न मिटला. म्हणजे त्याच्यापुरता मिटला.

पैलवान काही कुस्ती खेळलेला नव्हता. गादीच्या दुकानात कामाला होता. आमच्या इमारतीच्या खालीच दुकान, पुढे विक्री आणि मागे कापूस पिंजायचं यंत्र. दोन माणसांची जाड गादी गुंडाळून डोक्यावर घ्यायची आणि चार जिने न टेकता चढायचं, हे त्याचं नेहमीचं. खाली मालक गिऱ्हाइकाला सांगायचा, "तुम्ही रिकाम्या हाताने चढा, आमचा पैलवान तुमच्याआधी पोचेल." आणि तो खरंच आधी पोचायचा. तिथून नाव पडलं ते पडलं. त्याच्या आईने ठेवलेलं नाव मग फक्त तीच घ्यायची.

काम मात्र असं करायचा की बघत राहावं. मी दुकानासाठी खोळी शिवायची, त्यामुळे रोज जाणंयेणं होतं. कापूस भरताना तो हाताने चाचपून सांगायचा, इथे कमी आहे, इथे गोळा आहे. काठीने झोडून झोडून सगळीकडे सारखा करायचा. गिऱ्हाइकाच्या घरी गादी अंथरली की वाकून चारही कोपऱ्यांवर थापटायचा, झोपलेल्या जनावराला थापटावं तसा, आणि म्हणायचा, "ऊन दाखवत जा. दमट राहिला की गोळे होतात." नवीन लग्न झालेल्या जोडप्यालाही तेच, म्हाताऱ्या विधुरालाही तेच. हसू नाही की थट्टा नाही. बाकीचे कामगार नव्या जोडप्याच्या घरून आले की आठवडाभर चावट बोलत बसायचे. हा नाही बोलायचा.

आता दारूचं सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

पिंजायच्या खोलीत कापसाची धूळ इतकी की समोरचा माणूस धुक्यात उभा असल्यासारखा दिसायचा. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, तरणी पोरं संध्याकाळी म्हातारी होऊन बाहेर पडायची. घशात तंतू अडकायचे. तर या लोकांची पक्की समजूत अशी, की धूळ पाण्याने जात नाही, दारूने उतरते. हे कोणी सांगितलं, कधी सांगितलं, देव जाणे. पण काम संपलं की मालक बाटली काढायचा आणि प्रत्येकाच्या पेल्यात ओतायचा. त्याला हे लोक 'धूळ उतरवणं' म्हणत. सगळ्यांना तोंडाला बांधायला चांगली फडकी द्यावीत, एक खिडकी मोठी करावी, हे मालकाला कधी सुचलं नाही. बाटली आणणं सोपं होतं, आणि त्यात तो दिलदारही ठरायचा.

मी एकदा म्हटलं, "अरे, जो कापूस पाण्यात विरघळत नाही, तो दारूत काय विरघळणार?"

पैलवान हसून म्हणाला, "मावशी, कापूस नाही विरघळत. पण घसा आहे याचाच विसर पडतो."

सोळा-सतराचा होता तेव्हा आला होता तो दुकानात. लग्न होईपर्यंत दुकानातला एक पेला पुरेनासा झाला होता. घरी येताना वाटेत गुत्त्यावर थांबायचा. दाढेखाली तंबाखू असायचीच, तिचीही सबब धुळीचीच. पण कधी पडला नाही, कोणाला मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. म्हणून सगळे म्हणायचे, पिऊनसुद्धा कसा सरळ राहतो बघा. पिणाऱ्याचं कौतुक करायचं तर लोकांना एवढंही पुरतं.

बायको आली ती सडसडीत, बोलकी, हाताला चलाख. लग्नात तिच्या बापाने कापूस दिला होता, त्यातली सरकी तिने स्वतः वेचून काढलेली. पैलवानाने त्याची मोठी गादी केली. खोळ मी शिवली, निळ्या पट्ट्यांची. त्याने त्या गादीवर इतके टाके घातले की मालक म्हणाला, "माझ्या दुकानात असं काम कधी केलं नाहीस रे!"

पहिलं वर्ष बरं गेलं असावं. मला काय, भिंतीपलीकडून हसणं ऐकू यायचं, तेवढ्यावरून सांगते. मग हसणं कमी झालं. तिने मला पुढे खूप नंतर सगळं सांगितलं, भाजी निवडता निवडता, मान वर न करता. आधी कधीतरी जमायचं नाही. तो म्हणायचा, दमलोय. मग बरेचदा जमेना. मग त्याला भीतीच बसली. आणि भीती घालवायला तो घरी येण्याआधी आणखी एक पेला घ्यायला लागला. मित्रांनीच अक्कल दिली होती, थोडी घेतली की अंगात जोर येतो. "मावशी," ती म्हणाली, "जोर यायचा, पण बोलण्यातच यायचा. बाकी अंग जड होऊन पडायचा. सकाळी माझ्याकडे बघायचाही नाही."

तो बघायचा नाही, पण त्याची आई बघायची. ती सुनेच्या पोटाकडे बघायची. आम्ही तिला आक्का म्हणायचो. मनाने वाईट नव्हती, पण तिच्या डोक्यात एकच खिळा ठोकलेला होता. "माझा पोरगा चार जिने गादी घेऊन चढतो. त्याच्यात काय खोट असणार?" हे ती नळावर, जिन्यात, किराण्याच्या दुकानात, जिथे कान दिसेल तिथे सांगायची. सुनेला झाडपाल्याचे काढे पाजले. कडू जहर. ती नाक दाबून प्यायची. ज्याने काढा प्यायला हवा होता तो गुत्त्यावर बसलेला.

त्यानेही उपाय केले, चोरून. बाजारात एक जण ताकदीच्या गोळ्या विकायचा, डबीवर सिंहाचं चित्र. त्या गोळ्यांनी पैलवानाची छाती धडधडायला लागली आणि एक दिवस जिन्यातच गादीसकट खाली बसला. तेव्हा बायकोने हाताला धरून मोठ्या दवाखान्यात नेलं. तपासण्या दोघांच्याही झाल्या. तिच्यात काही दोष निघाला नाही.

डॉक्टरीण तरुण होती, पण बोलली आईसारखी, असं ती सांगायची. म्हणाली, रोजच्या दारूने नसा सुस्त पडतात. पुरुषाच्या अंगात जे तयार व्हायला हवं तेच कमी तयार होतं, इच्छा मंदावते, बीजही दुबळं होतं. तंबाखूने रक्त नीट पोचत नाही. त्यावर या सिंहाच्या गोळ्या घेतल्या तर जिवाशी खेळ. पण अजून वय आहे. दोन्ही सोडा, इथे येत राहा, आपण औषध देऊ, बोलू. पुष्कळांचं सुधारतं. यात लाजण्यासारखं काही नाही, हा आजार आहे.

लाजण्यासारखं काही नाही, एवढंच त्याला पटलं नाही. बाकी सगळं पटलं. तिथून आल्यावर जे भांडण झालं, तेच मी ऐकलं.

भांडणानंतर त्याने खरंच सोडली, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. हात थरथरायचे, टाके वाकडे पडायचे, चिडचिड करायचा, पण सोडली. दवाखान्यात जायचा. थोड्या महिन्यांनी भिंतीपलीकडून पुन्हा हसू ऐकू आलं, दबकं, चोरून केल्यासारखं. मी मशीन जरा जोरात चालवलं. माणसाला आडोसा लागतो.

पण दुकानात रोज संध्याकाळी बाटली निघायचीच. हा पेला उपडा ठेवायचा. आधी दोन दिवस कोणी बोललं नाही. मग सुरू झालं.

"काय पैलवान, बायकोने बंदी घातली का?"

"अरे त्याला दूध द्या, दूध!"

"मर्दासारखा घे की एक. का आता तू पण खोळीच शिवणार मावशीबरोबर?"

मी तिथेच होते, खोळींचा गठ्ठा घेऊन. मी म्हटलं, "शिवू दे की. तुमच्यापेक्षा सरळ शिवेल." सगळे हसले, तोही हसला. पण त्याचा हात त्या उपड्या पेल्यावर होता. मालकाने पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "एकाने काय होतं रे." मला तो पेला सुलटा होताना दिसला. जी पोरं त्याला मर्द म्हणायला बसली होती, त्यांना कुठे माहीत होतं की हा पेला त्याचं काय काय घेऊन चाललाय. आणि त्याला माहीत असूनही त्याने तो घेतला. एवढं माहीत असलेला माणूस का घेतो, हे मला आजही कळलेलं नाही. डॉक्टरीण म्हणायची तोही आजारच. असेल.

मग आक्काने दुसऱ्या लग्नाचं काढलं.

एका मुलीचा बाप, मुलीला न आणता, एकटाच स्थळ बघायला आला. साधा माणूस, टोपी हातात धरून बसलेला. सूनच चहा करत होती. तिने पैलवानाला स्वयंपाकघराच्या दारात थांबवलं. या वेळी आवाज चढवला नाही, म्हणून मला कान द्यावा लागला.

"आता तरी बोल. त्या माणसाची मुलगी आहे. तिचंही माझ्यासारखं करणार का?"

"तू आधी कप ने, थंड होईल."

"मी सांगू शकते. एका वाक्यात सांगू शकते. पण मी सांगितलं तर लोक म्हणतील, वांझ बाई नवऱ्यावर ढकलतेय. तुझ्या तोंडून यायला हवं. आज नाही बोललास तर मी जाते."

तो कपांची ताटली घेऊन बाहेर गेला. पाहुण्याला म्हणाला, "साखर हवी तर सांगा." बस. आक्का आपली सुरूच, चार जिने, गादी, खोट कसली असणार.

तो बाप परत निघाला तेव्हा मी जिन्यात केर काढत होते. दिवसातून दुसऱ्यांदा. मी त्याला म्हटलं, "भाऊ, मुलगी इथे देऊ नका. रोज पितो." पुढचं काही सांगितलं नाही, ते माझं सांगायचं नव्हतं. तेवढं पुरलं. तो परत फिरकला नाही. दोन दिवसांनी पैलवान मला नळावर भेटला. म्हणाला, "मावशी, बरं केलंत." मला त्याचा इतका राग कधी आला नव्हता. त्याची सुटका झाली होती आणि तीही दुसऱ्याच्या तोंडून.

बायको गेली. बोलल्याप्रमाणे गेली. भांडीकुंडी काही मागितली नाही. म्हणाली, "कापूस माझा होता. अर्धी गादी दे."

आता गादी काही कोणी अर्धी करत नाही. त्या धंद्यात तर कापलेली गादी अशुभच मानतात, मोडतात ती फक्त मेलेल्या माणसाची. मालकाने दुकानात करू दिली नाही. म्हणून पैलवानाने ती गच्चीवर नेली. एकेक टाका उसवला, कापूस बाहेर काढला, ऊन दिलं, हातानेच मोकळा केला. मी जुनी खोळ मधोमध कापून दोन छोट्या शिवत बसले होते. तो कापसाचे दोन ढीग करत होता आणि मी बघत होते, चांगला, लांब तंतूचा कापूस एका ढिगात जात होता, किडका आणि गोळ्यांचा दुसऱ्यात. चांगल्या ढिगाची गादी त्याने तिला दिली. तिला ते हाताला लगेच कळलं असणार, तिने सरकी वेचलेली होती. पण तिने नुसती गादी गुंडाळून घेतली. जे तोंडाने सांगायचं ते तिला गादीतून सांगितलेलं नकोच होतं.

गावाच्या दुसऱ्या टोकाला तिने खोली घेतली आणि बाळंतिणींच्या दवाखान्यात चादरी-दुपटी धुवायच्या कामाला लागली. आक्काने तिकडेही निरोप पोचवलेलाच होता, वांझ म्हणून सोडली. तिथल्या बायकाही मग तेच म्हणायला लागल्या. पैलवान दर वर्षी एकदा तिच्या खोलीवर जायचा. गादी उचलायची, दुकानात आणून पिंजायची, भरायची, परत नेऊन टाकायची. मी नवी खोळ शिवून द्यायची. गादी टाकली की चार कोपरे थापटायचे, ऊन दाखवत जा म्हणायचं, आणि निघायचं. ती पाणी द्यायची, तो प्यायचा. याच्यापलीकडे त्यांचा संसार उरला नव्हता.

वर्षं गेली. आक्काचे कान गेले. आधी कमी, मग पार ठार. एका दुपारी मी तिच्याजवळ बसून बटणं लावत होते. पैलवान आला, त्या दिवशी घेतलेली नव्हती, निदान वास नव्हता. तो आईच्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "आई, खोट माझ्यात होती. तिच्यात नव्हती. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. माझ्या पिण्याने झालं."

अगदी नीट बोलला. एकही शब्द गाळला नाही.

आक्काने त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि मोठ्याने विचारलं, "जेवलास का?"

तो माझ्याकडे बघून हसला. म्हणाला, "सांगितलं मावशी, शेवटी." मी म्हटलं, "बहिऱ्याला सांगितलंस. आता ऐकणाऱ्याला सांग." त्याचं हसणं तोंडावरच राहिलं. पुढच्या हिवाळ्यात आक्का गेली, शेवटपर्यंत सुनेला बोल लावत.

त्याचं स्वतःचं अंगही मग हळूहळू हिशेब मागायला लागलं. डोळे पिवळे झाले, पोट मोठं झालं, हातपाय काड्या. आणि एक गोष्ट अशी झाली की तो उकाड्यातही दोन-दोन सदरे घालायला लागला. त्याची छाती बाईसारखी भरली होती. यकृत गेलं की असंही होतं म्हणे, अंगातलं पुरुषाचं आणखीच ओसरतं. दुकानातल्या नव्या पोरांच्या ते लक्षात आलंच. तीच पोरं, नवी असली तरी तीच. पेला भरून देणारी आणि वरून हसणारी. तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा आणि काठीने कापूस झोडायचा. आता दारू अंगच घेत नव्हतं, ओकून काढायचं, म्हणून सुटली. इतक्या उशिरा सुटली की तिचं कोणाला कौतुकही वाटेना.

शेवटच्या फेरीला मी त्याच्याबरोबर गेले. खोळ तयार झाली होती आणि मलाही तिला बघायचं होतं. खरं म्हणजे त्याच्याच्याने गादी उचलवेल का, ही शंका होती. मी म्हटलं गाडीवर टाकू. तो म्हणाला, "पैलवानाची गादी गाडीवर?" डोक्यावर चुंबळ ठेवली आणि घेतली. एकाच माणसाची गादी, पण दर कोपऱ्यावर थांबत होता.

वाटेत म्हणाला, "मावशी, आज सांगतो."

"काय?"

"तिच्या तिथल्या बायकांसमोर. मोठ्याने. डॉक्टर म्हणाले, फार दिवस नाहीत. मग आता लाज कोणासाठी ठेवू?"

माझे पाय भराभर पडायला लागले.

तिच्या इमारतीत मधल्या चौकात नळ होता आणि नळावर चार-पाच बायका. एकीच्या कडेवर तान्हं मूल. पैलवानाची बायको कामावरून नुकतीच आलेली, बादली घेऊन उभी. केस पांढरे झाले होते तिचे. ते मूल तिच्याकडे झेपावलं, पोरांना काय कळतंय. तिने हात पुढे केले. तेवढ्यात एक म्हातारी त्या आईला म्हणाली, "तिच्याकडे नको देऊ गं, उगाच."

सगळ्यांनी ऐकलं. आईने मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. पैलवानाच्या बायकोने हात खाली घेतले, बादलीची कडी धरली, आणि मग तिला तो दिसला. चौकाच्या तोंडाशी, डोक्यावर गादी, पिवळे डोळे, दोन सदरे. तिने त्याच्याकडे बघितलं. मागणं नव्हतं त्या बघण्यात, पण बघत राहिली, नजर काढली नाही. इतक्या वर्षांत तिने एवढीच एक गोष्ट मागितली होती आणि आज ती जागा आयती तयार होती. नळ नुसता वाहत होता. मी त्याच्या दंडाला हात लावला.

त्याने तोंड उघडलं. ओठ हलले, घसा हलला, तिथे अजून ती धूळच अडकलेली असावी तसा.

"जरा बाजूला व्हा," तो त्या म्हातारीला म्हणाला. "कोपरा लागेल."

त्या बाजूला झाल्या. तो भिंत धरत जिना चढला. आम्ही दोघी मागून. खोलीत त्याने गादी उतरवली, अंथरली, मी खोळीची टोकं नीट केली. तिने पाण्याचा पेला दिला, तो त्याने प्यायला आणि उपडा ठेवला. मग गुडघ्यावर बसून चारही कोपरे थापटले, नेहमीसारखे.

"ऊन दाखवत जा," तो म्हणाला. "दमट राहिला की गोळे होतात."

चुंबळ खांद्यावर टाकली आणि निघाला.